पाणी कुठवर आलं

मालन बांधावर येऊन उभी राहिली तेव्हा पाणी नुकतंच तिसऱ्या वाफ्यात शिरलं होतं. तिच्या डोक्यावर भाकरीची पाटी नव्हती.

"अण्णांनी पेज घेतली का?" मी विचारलं.

"निजल्यात," ती म्हणाली.

"मग एकटं टाकून आलीस व्हय?"

"तुमी पानी बघा."

मला तिचा राग आला. अण्णा म्हणजे माझे वडील, दिवाळीपासून अंथरुणावर होते. शेवटच्या आठवड्यात तर पेजेवरच होते. सकाळी घरातून निघताना मी त्यांच्या उशाशी वाकून सांगितलं होतं, आज आपली पाळी आहे, जातो. त्यांनी हात थोडा हलवला होता. जा, म्हणून. अशा माणसाला घरात एकटं ठेवून ही शेतावर आली, आणि तीही रिकाम्या हातानं.

पण भांडायला वेळ नव्हता. त्या साली पाऊस पाठ फिरवून गेला होता. ओढ्याच्या बंधाऱ्यातून आमच्या पाटाला जे पाणी येतं, ते माघातच आटत आलं होतं. पाटकरी शिदूनाना म्हणाला होता, ही फेरी शेवटची, पुढच्या फेरीला पाटात चिखल दिसेल. आमचा गहू चिकात आला होता. दाणा दाबला की पांढरं दूध यायचं. आता एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाही तर ओंबीत कोंडा. वर्षाचं खाणं त्या वाफ्यांत होतं.

मी मालनला म्हणालो, "उभी काय ऱ्हायलीस, खालच्या अंगाला जा, दारं मोड." एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवायला बांध फोडायचा, त्याला आम्ही दारं मोडणं म्हणतो. लग्न झाल्यापासून हे काम आम्ही दोघं मिळून करत होतो. मी वर, ती खाली. तिला हाक मारावी लागत नसे.

"मला आज पान्यात उतरायचं न्हाई," ती म्हणाली.

बाया महिन्याचे चार दिवस पाटात पाय घालत नाहीत. पाटाच्या तोंडाशी साती आसरांचं ठाणं आहे, सात दगड शेंदूर लावलेले. त्यांच्या पाण्याला विटाळ चालत नाही. मी समजलो. दोन्हीकडं एकट्यानंच पळायला लागलो.

थोड्या वेळानं केरबा आला.

केरबा माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. म्हणजे पूर्वी म्हणायचो. सात वर्षं त्याच्याशी कुणी बोललेलं नव्हतं. आमच्या घराच्या आणि त्याच्या घराच्या मध्ये एकच भिंत. त्याच्या म्हशीनं शेपटी आपटली तरी आम्हाला ऐकू यायची, आणि तरी बोलणं नव्हतं.

भांडण पाळीवरून झालं होतं. पाटावर आठ घरं, प्रत्येकाला एक दिवस. आमच्या मागून केरबाचा दिवस. अमावास्येला पाट बंद ठेवतात, त्या दिवशी आसरांना नैवेद्य. एका साली अमावास्या नेमकी आमच्या पाळीवर आली. अण्णा म्हणाले, आमची पाळी उद्यावर गेली. केरबा म्हणाला, गेली ती गेली, उद्याचा दिवस माझा. दोघंही पाटावर खोरं घेऊन आले. ओढाओढीत केरबा दगडावर पडला आणि त्याचं कपाळ फुटलं. रक्त पुसत तो तसाच मारुतीच्या देवळापुढं गेला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "आजपासनं तुमचं आमचं सुतक तुटलं. तुमचं मेल्यालं आमाला न्हाई, आमचं तुमाला न्हाई."

भावकीत याच्यापुढं बोलायला काही राहत नाही. कुणी मेलं की भावकीतल्या सगळ्यांना दहा दिवस सुतक. सुतक तुटलं म्हणजे नातं तुटलं. दोन वर्षांनी केरबाची आई वारली, माझी थोरली काकू. आम्ही गेलो नाही. चौथ्या दिवशी सण आला, तर आमच्या घरी पुरण शिजलं. भिंत एकच होती, वास पलीकडं गेलाच असणार. अण्णांनी त्या दिवशी एक घास खाल्ला आणि ताट सारलं. पण पुरण शिजलं होतं.

आता सुतकाचा आणि पाण्याचा संबंध सांगतो. ज्याला सुतक आहे त्यानं पाटाच्या पाण्यात पाय घालायचा नाही. पाळी चालू असताना घरात कुणी गेलं, तर होता त्या जागी खोरं टाकून बाहेर यायचं. राहिलेलं पाणी पुढच्या पाळीवाल्याचं. पुढचा केरबा. सुतक तुटलेलं, म्हणजे त्याला पाण्यात उतरायला आडकाठी नाही. उरलेला आमचा दिवस त्याचा, आणि उद्याचा तर होताच. चार दिवसांपूर्वी तो चावडीवर बोललाही होता, "म्हातारा कुठल्या वाराला जातोय ते बघू. आमचा गहू नशिबाचा असला तर पाळीच्या वाराला जाईल." लोक हसले होते. ते माझ्या कानावर आलं होतं.

तर हा केरबा आला आणि बांधावर बसला. मालन एका बाजूला उभी, हा दुसऱ्या बाजूला बसलेला. डोक्यावर टोपी, हातात काठी. खोरं आणलं नव्हतं.

मी त्याच्याकडं न बघता मोठ्यानं म्हणालो, "लोकास्नी दुसऱ्याचं पानी बघायला लई येळ असतोय."

त्यानं काठी गुडघ्यावर आडवी ठेवली.

"गिधाडं बी एवढ्या लवकर येत न्हाईत," मी म्हणालो.

त्यावर त्यानं मालनकडं पाहिलं. मालननं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. मग तो म्हणाला, मला नाही, असाच समोर बघून, "किती वाफं ऱ्हायलं?"

सात वर्षांत त्याचा तो पहिला शब्द. मी पुढच्या वाफ्याकडं वळलो.

"इचारतोय. पानी कुठवर आलं?"

"तुझ्यापतुर यायला लई टाइम हाय," मी म्हणालो.

तो गव्हाकडं बघत बसला. मला वाटलं, हा मोजतोय. आमचा किती गहू कोरडा राहतो ते मोजतोय.

दुपारपर्यंत निम्मं रान भिजलं. पाटाची धार बारीक होती. एक वाफा भरायला एरवीच्या दुप्पट वेळ लागत होता. मला भूक लागली होती. मी मालनला म्हणालो, घरी जा, अण्णांना बघ, येताना चटणीभाकरी आण. ती म्हणाली, पाणी झाल्यावर बरोबरच जाऊ. मी चिडून दोन शब्द बोललो. केरबासमोर बोललो, याचं मलाच वाईट वाटलं. तिनं ऐकून घेतलं. जागची हलली नाही. ऊन डोक्यावर आलं होतं तरी बाभळीच्या सावलीला गेली नाही. केरबाही गेला नाही. त्यानंही भाकरी आणली नव्हती. एकदा तंबाखूची चंची काढली, हातावर चिमूट घेतली, आणि तशीच परत आत टाकली.

तेवढ्यात शिदूनाना पाटाच्या कडेनं आला. पाटकऱ्याला सगळ्या घरांची काळजी असते. तो म्हणाला, "सर्जा, चाललंय न्हवं? मी जरा अण्णाला बघून येतो. रातच्याला लई धापत व्हतं म्हनं."

मी म्हणालो, "जा की नाना. घरी कोन न्हाई, हितं येऊन हुबी हाय ही."

मालननं पहिल्यांदा मान वर केली. तिनं माझ्याकडं नाही, केरबाकडं पाहिलं.

केरबा म्हणाला, "नाना, म्हाताऱ्याला मागनं बघ. वर माझ्या रानाच्या तोंडाला, बाऱ्यातनं पानी गळतंय."

"तुझं बारं? तुझी पाळी उद्या. बंद हाय न्हवं?"

"बंद हाय पर गळतंय. जाऊन चिखल मार. ह्यांच्या दिवसाचं पानी माझ्या रानात नगं. उगं बोल लावत्याल."

शिदूनाना त्याच्याकडं बघत राहिला. असलं वाक्य त्यानं केरबाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग तो डोकं खाजवत वर गेला. मला तर वाटलं हा काहीतरी कावा आहे. वर पाट फोडायला लावतोय. पण थोड्या वेळानं धार वाढली. चांगली दोन बोटं वाढली. मी केरबाकडं पाहिलं तर तो काठीनं मातीत रेघा ओढत होता.

शेवटचा वाफा भरला तेव्हा दिवस कासराभर राहिला होता. मी दारं बुजवलं, खोरं धुतलं आणि तसाच पाण्यात उभा राहून गव्हाकडं पाहिलं. सगळं रान काळंभोर झालं होतं. बरं वाटलं. अण्णांना जाऊन सांगायचं होतं की एक वाफा सुटला नाही.

"झालं," मी म्हणालो.

"सगळं?" मालननं विचारलं.

"सगळं."

"मग भाईर या."

"पाय धुतो की."

"भाईर या आधी," ती म्हणाली. मी आलो. मी दोन्ही पाय बांधावर ठेवले, तेव्हा ती म्हणाली, "अण्णा गेले."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मी विचारलं, "कवा?" तिच्या पायांकडं माझं लक्ष गेलं. दिवसभर ती पाटाच्या इतक्या जवळ उभी होती, पण पाय कोरडे होते. टाचांवर धूळ होती.

शिदूनाना वरून परत येत होता. त्यानं ते ऐकलं. तो भिजलेल्या गव्हाकडं बघत होता, मालनच्या पायांकडं बघत होता. पाटकरी माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. "सूनबाई," तो म्हणाला, "कवा गेला अण्णा? खरं सांग. पाटाचा कायदा हाय."

मालन बोलायच्या आत केरबा उठून उभा राहिला.

"त्यानं आत्ता ऐकलंय," केरबा म्हणाला. "सुतक ऐकल्यापासनं लागतंय. म्हमईचा मानूस असला तर कागुद मिळंल त्या दिसापासनं धरतोय का न्हाई आपुन? मग? सर्जानं आत्ता ऐकलंय. तवर त्यो पान्यात व्हता, त्यात पाप न्हाई." मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली. "आन मी बी आत्ताच ऐकलं."

शिदूनाना म्हणाला, "तू ऐकून काय करायचं? तुझं सुतक तुटलंय. तुझं पानी उद्या दिवस उगवायला सुरू."

"माझं उद्याचं पानी माझ्या मागच्या गुरवाला सोड."

"केरबा, शेवटची फेरी हाय. तुझा गहू बी चिकात हाय."

"ठावं हाय मला."

"देवळापुढं तोडलंय तू. चार मानसांत."

"तोंडानं तोडल्यालं," केरबा म्हणाला. "आता कानानं ऐकलं, त्याला काय करू?"

शिदूनाना पाट गुरवाकडं वळवायला निघून गेला. आम्ही तिघं घराकडं चाललो. केरबा पुढं, मी मागं, मालन माझ्याही मागं. मी मनाशी जुळवत होतो. सकाळी आली तेव्हा गेले होते की नंतर? नंतर कसं जातील, ती तर इथंच होती.

दारात आलो तर दार उघडं होतं. आत अण्णांच्या उशाशी दिवा लावलेला होता. त्यात तेल घातलेलं होतं, वात पुढं सारलेली होती. आणि भिंतीला टेकून केरबाची बायको सुंदरा बसली होती. सकाळपासून बसलेली. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ वाळले होते. अण्णांचं तोंड पांढऱ्या फडक्यानं नीट बांधलेलं होतं. मी पायाला हात लावला. पाय लाकडासारखा होता.

मालन आत आली, सुंदरासमोर बसली, आणि तिनं हंबरडा फोडला. सुंदरानं तिला धरलं आणि तीही रडायला लागली. तेव्हा कुठं आळीला कळलं की आमच्या घरात मयत आहे. दिवस मावळायच्या आत आम्ही अण्णांना ओढ्यावर नेलं. पुढचा खांदा माझा आणि दुसरा केरबाचा होता.

सगळं मला केरबाकडून कळलं, तेही पुढं बऱ्याच वर्षांनी. तो सकाळी ओट्यावर मिसरी लावत बसला होता. मालन घरातून बाहेर आली, तिनं दार ओढलं आणि वरून कडी घातली. "आजारी मानूस आत असताना कडी कोन घालतं?" केरबा म्हणाला. "कुत्रंमांजर आत जाऊ नाई म्हनून घातली तिनं. मी वर पाह्यलं तर तुमच्या चुलीला धूर न्हाई. मग कळलं. सुंदरीला म्हनलं, जा, कडी काढून आत बस. मयताला एकटं ठेवू नाई. मी रानातनं येस्तवर रडू नगस. तिनं जाताना आमची चूल बी इझवली."

"आन तू रानात कशाला आलास?" मी विचारलं.

"पानी मागायलाच आलो व्हतो," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? घरातनं निघालो तवा पानीच डोक्यात व्हतं. हितं यिऊन बगतोय तर ती तशी हुबी. पान्यात पाय न्हाई घातला तिनं. सासरा मेल्याला, घरात एकटा, आन ही उन्हात हुबी ऱ्हाऊन तुझ्या शिव्या खाती. म्हनलं, हिच्याम्होरं आपलं तोंड उघडायचं न्हाई."

दहाव्याला ओढ्यावर केरबानं माझ्या शेजारी बसून डोकं भादरून घेतलं. त्या साली त्याचा गहू जिऱ्यासारखा झाला. आमची रास झाली तेव्हा मालननं मला विचारलं नाही. टोपली भरून डोक्यावर घेतली आणि भिंतीपलीकडं जाऊन ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. सुंदरानं प्रत्येक वेळी टोपली परत देताना तिच्यात काहीतरी टाकलं. एकदा दोन लिंबं, एकदा गुळाचा खडा. रिकामी टोपली कुणी परत करत नाही.

त्या दिवसाबद्दल मी मालनला फार वर्षं काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मला राग होता की नाही, ते मलाच ठाऊक नाही. बापाच्या शेवटच्या वेळी मी नव्हतो, हे तर खरंच. मुलीचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि आम्ही दोघंच उरलो तेव्हा एकदा जेवताना विचारलं, "अण्णा काय बोललं का गं जाताना?"

तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "इचारलं, पानी कुठवर आलं."

"मग?"

"मी म्हनलं, निम्म्यावर आलंय. तवा तर तुमी पाटावर पोचला बी नसाल. मी निम्म्यावर म्हनलं आन त्यांनी डोळं मिटलं." तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. "खोटं बोलून लावून दिलं त्यास्नी. मग ते खरं तरी कराय नगं?"

एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही.

आता पाटावर फारसं कुणी नाही. लोकांनी विहिरी खोदल्या, मोटारी बसवल्या. मी, गुरवाचा नातू, असे दोघंतिघंच अजून पाटाचं पाणी घेतो. गेल्या साली पौषात मालन आजारी पडली. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. मुलगी येऊन राहिली होती. एक दिवस मालनला जरा बरं वाटत होतं. तिनं विचारलं, आज पाळी ना? मी म्हणालो, हो, पण मी जात नाही. ती म्हणाली, गहू आहे, जा. मी गेलो.

पाणी अर्ध्या रानात आलं होतं, तेव्हा केरबा येताना दिसला. आता तो पंच्याऐंशीचा असेल. काठी टेकत, थांबत थांबत आला. सुंदरा गेल्यापासून तो शेताकडं येत नसे. बांधावर येऊन त्यानं धाप टाकली. खाली बसला. त्याची टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, गव्हाकडं बघत होता.

"सर्जा, पानी कुठवर आलं?" त्यानं विचारलं.

मी त्या टोपीकडं पाहिलं.

"भिजवून घे समदं," तो म्हणाला. "मला काय घाई न्हाई. मी बसतो हितं."

वाफा भरत आला होता. पुढचं दारं मोडायचं होतं. मी खोरं तिथंच ठेवलं, पाण्यातून बाहेर आलो आणि त्याच्या शेजारी बसलो.

"बोल आप्पा," मी म्हणालो.